प्रकल्प नोंदी : नाकतोड्याचा रंग कोण ठरवतं?

५ जून

आजपर्यंत प्रकल्पाचा विषय 'पानांवरचे कीटक' असा काहीतरी गुळगुळीत होता. आज तो बदलला. मैदानाच्या कडेचं वाळलेलं गवत कुणीतरी पेटवलं होतं. त्या पट्ट्यातून चालताना पायापासून राखेचाच एक तुकडा उडाला आणि हातभर पुढे जाऊन बसला. वाकून पाहिलं तर नाकतोडा, कोळशासारखा काळा, पायांच्या सांध्यांशी तेवढा मातकट. दहा पावलांवर, जिथे आग पोचली नव्हती तिथे त्याच बांध्याचे तीन सापडले आणि तिन्ही मातीच्या रंगाचे निघाले.

वहीत लगेच तीन शक्यता लिहिल्या. एक, हा इथे येऊन काळा झाला. दोन, तो आधीपासून काळपट होता आणि आपल्याला लपता येईल अशी जागा बघून इथे बसला. तीन, इथे सगळ्या रंगांचे होते, फिके पक्ष्यांनी टिपले आणि काळा उरला. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, राखेत लोळला असेल." हे हसण्यावारी नेलं.

८ जून

तीन दिवस फक्त वाचन. जळलेल्या जागी काळे नाकतोडे दिसणं ही जुनी गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशांत वणव्यानंतर काळे पडणारे कीटक पोल्टन यांनी १९२६ मध्ये नोंदवले होते. १९५१ मध्ये बर्ट यांनी त्यापुढचं दाखवलं : जळलेल्या जमिनीवर पूर्ण वाढलेले, पंख फुटलेले नाकतोडेही काळे पडू शकतात. म्हणजे माझी पहिली शक्यता खरी!

पण लगेच दुसरा पुरावा उलट बाजूने आला. स्वीडनमध्ये फोर्समन आणि सहकाऱ्यांनी बुटक्या नाकतोड्यांचा (टेट्रिक्स) अभ्यास केला. जंगल जळलं की तिथल्या वस्तीत काळ्यांचं प्रमाण वाढतं आणि पुढच्या काही वर्षांत हिरवळ परतली की घटतं. त्यांची पिल्लं दुसरीकडे सारख्याच परिस्थितीत वाढवली, तरी रंग बराचसा आईबापांवर गेला. तिथे काळेपणा अंगात जन्मजात आहे, आणि कोण उरतं हे परिसर ठरवतो. म्हणजे तिसरी शक्यताही खरी, फक्त दुसऱ्या नाकतोड्याच्या बाबतीत.

प्रकल्प बघणाऱ्या मॅडमना हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाचून झालं ना? आता डबे भर."

१४ जून

जाळी घेऊन दोन तास फिरलो. मला पिल्लंच हवी होती. नाकतोड्याला फुलपाखरासारखा कोष नसतो. अंड्यातून निघतो तो लहान, बिनपंखी नाकतोडाच असतो, आणि मोठं होताना साधारण पाच-सहा वेळा कात टाकतो. नव्या कवचाबरोबर नवा रंग येण्याची संधी दर वेळी मिळते. मोठा पकडला तर ही संधी संपलेली असते, किंवा फार कमी उरलेली.

आपल्याकडे 'नाकतोडा' हा शब्द फार ऐसपैस वापरतात. शरीरापेक्षा लांब, केसासारख्या मिशांचा पानासारखा हिरवा किडा असतो, तोही नाकतोडा आणि आखूड मिशांचा तोही नाकतोडा. लांब मिशांचे सगळे सोडून दिले. टोळ ज्या कुळातले, त्या आखूड मिशांच्या कुळापुरतंच हे काम आहे.

त्यातही दोन प्रकार हाती आले. एक, निमुळत्या तिरक्या डोक्याचा, काडीसारखा लांब अक्रिडा. तो गवतात अंग उभं धरून बसतो. त्याची काही पिल्लं हिरवी, काही वाळक्या काडीच्या रंगाची. दुसरा जाडसर, खडबडीत, उघड्या जमिनीवर बसणारा. याच्या मोठ्यांचे मागचे पंख रंगीत असतात, उडाला की झळकतात आणि बसला की गायब. वहीत त्यांना 'गवत्या' आणि 'मातकट' म्हणायचं ठरवलं.

१७ जून

डबे भरले. हिरवा घोटीव कागद लावलेला डबा, त्यात ताजं गवत. काळ्या डब्यात तळाला कोळशाची पूड. लाल डब्यात विटांची भुकटी. पांढऱ्यात पांढरी रेती. प्रत्येकात दोन्ही प्रकारची मिळून सहा पिल्लं. दिसायला फार सुंदर. (आज मागे वळून बघताना या एका परिच्छेदात मला चार चुका दिसतात. नोंद तशीच ठेवली आहे.)

२५ जून

हिरव्या डब्यातल्या चार गवत्यांपैकी दोन काडीच्या रंगाचे होते. त्यातला एक आज कात टाकून हिरवा निघाला! काळ्या डब्यातले सगळे काळपट दिसतात. सकाळी सकाळी मॅडमना फोन केला. "हिरव्यात हिरवा, काळ्यात काळा, म्हणजे परिसराचा रंग अंगावर येतो," असं एका दमात सांगून मोकळी झाले.

त्या एवढंच म्हणाल्या, "हिरव्या डब्यात हिरव्याखेरीज आणखी काय आहे, ते बघ."

२६ जून

हिरव्या डब्याच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब होते.

ताजं गवत होतं ना. त्याच्या ओलीने डबा दमट झाला होता. बाकीच्या डब्यांतलं गवत कोरड्या तळावर तासाभरात मलूल पडायचं. म्हणजे हिरव्या डब्यातलं पिल्लू हिरव्या कागदामुळे हिरवं झालं, दमट हवेमुळे झालं, की रसरशीत खाण्यामुळे झालं, काहीच सांगता येत नाही. कितीतरी जातींमध्ये ओल्या, दमट परिस्थितीत हिरव्यांचं प्रमाण वाढतं आणि कोरड्यात तपकिरी वाढतात, हे रॉवेल यांनी १९७१ मध्ये या विषयाचा जो मोठा आढावा लिहिला, त्यात अगदी ठळक आहे. मी तो वाचला होता, आणि तरी ताज्या गवताला नुसतं खाणं समजले.

निसर्गात हिरवा परिसर आणि ओलावा एकमेकांचा हात धरून येतात, म्हणून नाकतोड्याने ओलावा 'वाचला' तरी त्याचं काम भागतं. रंग बघायची गरजच नाही. डब्यात त्या दोघांचे हात सोडवणं हे माझं काम.

२९ जून

सगळं मोडून नव्याने.

गवत्यांसाठी चार प्रकारचे डबे : हिरवा कागद आणि दमट, हिरवा कागद आणि कोरडा, काडीच्या रंगाचा कागद आणि दमट, काडीच्या रंगाचा कागद आणि कोरडा. प्रत्येक प्रकारात तीन पिल्लं, एकूण बारा. सहा हिरवी, सहा काडीच्या रंगाची. दमट बाजूला तीन हिरवी आणि तीन काडीची, कोरड्यातही तशीच. दमट डब्यात गवताच्या काड्या पाण्याच्या नळीत उभ्या आणि ओला कापूस. कोरड्यात अर्धवट सुकलेलं गवत थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. खाण्यातला ओलावा आणि हवेतला ओलावा वेगळा करणं मला जमलेलं नाही. तेवढी गाठ तशीच राहणार.

मातकटांसाठी बारा बरण्या, काळा, पांढरा, तांबूस असे तीन तळ, प्रत्येकी चार. एका बरणीत एकच पिल्लू. एकत्र का नाही, ते पुढे लिहीन.

२ जुलै

या कामातला सगळ्यात मोठा शोध धाकट्याने लावला.

मातकटांचे नवे तळ तयार होईपर्यंत जुन्या काळ्या डब्यातले काळपट मातकट त्याला दाखवत होते. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, हा काळा झालेला नाही, मळलाय." मी चिडले. त्याने रंगकामाचा बारीक ब्रश पाण्यात बुडवून पिल्लाच्या पाठीवरून फिरवला. ब्रश काळा. पिल्लू मातकट.

पाचही पिल्लं पुसली (एक मेलं होतं). त्यातलं एक खरंच गडद झालं होतं, बाकी चार नुसती कोळशाने माखलेली. विटांच्या भुकटीचंही तेच. राखेत लोळल्याचं त्याचं ५ जूनचं म्हणणं आता या वहीत अधिकृत शक्यता क्रमांक चार म्हणून नोंदवलं आहे.

भुकटीचे तळ रद्द. काळ्यासाठी आणि तांबूससाठी पॉलिश पेपर आणला. तो खरखरीत असल्याने पाय रोवायला बरा, आणि अंगाला काही लागत नाही. पांढऱ्यासाठी जाड कागदाला गोंद लावून पांढरी रेती चिकटवली.

३ जुलै

काळ्या तळाच्या बरण्या उन्हाच्या तिरिपेत दोन-तीन अंशांनी जास्त तापतात. सगळ्या बरण्या सावलीतल्या फळीवर हलवल्या, वर एकसारखा दिवा. तापमान हा निव्वळ अडथळाही नाही, रंगाशी त्याचा थेट संबंध असू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या कोशिउस्को पर्वतभागात 'सरड्या नाकतोडा' म्हणता येईल असा एक आहे, कोशिउस्कोला ट्रिस्टिस. त्याचा नर थंडीत जवळजवळ काळा असतो आणि अंग पंचवीस अंशांच्या वर तापलं की निळाशार होतो. संध्याकाळी पुन्हा काळा. की (Key) आणि डे (Day) या संशोधकांनी १९५४ मध्ये याचं वर्णन केलं. कात टाकावी लागत नाही. कवचाखालच्या पेशींत रंगाचे कण वरखाली सरकतात, तेवढ्याने रंग पालटतो. माझ्या डब्यांतले नाकतोडे या वेगाने काही करत नाहीत. त्यांचं काम दिवसांच्या हिशेबाने चालतं.

६ जुलै

तीन कातींची नोंद. एक पिल्लू कात टाकताना अडकून मेलं (कोरडा, काडीच्या रंगाचा कागद). पिल्लाला उलटं लटकून सुटायला जागा लागते. प्रत्येक डब्यात उभी काडी ठेवली.

१० जुलै

आज बराच वेळ एका कातीकडे बघत बसले.

हिरव्यागार पिल्लाने टाकलेली कात हिरवी नसते! ती जवळजवळ रंगहीन, पारदर्शक, कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखी असते. काळ्या तळावरच्या मातकटाची कात बघितली. त्यावर मांडीवरचे काळे पट्टे आणि पाठीवरचे ठिपके जसेच्या तसे आहेत, पण अंगभर असलेला गडद करडा रंग त्यात कुठेच नाही.

म्हणजे नाकतोड्याचा रंग एका जागी राहत नाही. काही रंग कवचातच मुरलेला असतो, तो मेलॅनिन. कवच घडताना तो पक्का होतो आणि ती कात अंगावर असेपर्यंत पुसला जात नाही. बाकीचा रंग कवचाच्या खाली, जिवंत पेशींमध्ये आणि अंगातल्या द्रवात असतो. तपकिरी-लालसर छटा ओमोक्रोम नावाच्या रंगद्रव्यांच्या. हिरवा तर मुळात हिरवा नसतोच : निळसर पित्तरंगद्रव्य आणि खाण्यातून आलेलं पिवळं कॅरोटिन, दोन्ही प्रथिनांना चिकटून शेजारी शेजारी बसतात आणि आपल्याला हिरवं दिसतं. रंगपेटीतला निळा आणि पिवळा मिसळावा तसं. मेलेला हिरवा नाकतोडा काही दिवसांत वाळक्या काडीचा रंग का घेतो, तेही आता लक्षात आलं.

या पापुद्र्याने माझा प्रश्नच दुभंगला. 'परिसर रंग बदलतो का' असं विचारण्यात अर्थ नाही. कुठला रंग? कवचातला ठिपका बदलायला पुढची कात हवी. खालची छटा मधल्या काळातही हळूहळू सरकू शकते. आणि हिरवा की तपकिरी हा तिसराच निर्णय.

काती फेकायच्या नाहीत. कागदावर चिकटवून तारीख आणि बरणी क्रमांक लिहायचा.

१३ जुलै

फोटोंनी फसवलं. काळ्या तळावर फोटो काढला की फोनचा कॅमेरा 'अंधार आहे' असं समजून सगळंच उजळ करतो, आणि पांढऱ्यावर उलट. गेल्या दोन आठवड्यांतले फोटो तुलनेसाठी निरुपयोगी. आता प्रत्येक पिल्लू फोटोपुरतं एकाच करड्या पुठ्ठ्यावर आणायचं, शेजारी पाच छटांची छापील पट्टी (१ सर्वांत फिकी, ५ सर्वांत गडद), कॅमेऱ्याचा प्रकाश एकदाच ठरवून कायम. गुण मी द्यायचे नाहीत. कुठलं पिल्लू कुठल्या बरणीतलं हे धाकट्याला माहीत नसतं, म्हणून गुण तो देणार. त्याने मानधन मागितलं आहे.

१८ जुलै

पावसाने दोन दिवस बाहेर जाता आलं नाही. आत काय घडतं त्याबद्दल वाचलं.

रंगाचा हुकूम संप्रेरकं देतात. स्थलांतरी टोळाच्या पिल्लांत ज्युवेनाइल हॉर्मोन या पिल्लूपण टिकवणाऱ्या संप्रेरकामुळे हिरवा रंग येतो. ते स्रवणारी ग्रंथी दुसऱ्या पिल्लात बसवली तरी ते हिरवं होतं. काळ्याची गोष्ट आणखी मजेची आहे. जपानमध्ये ओकिनावाच्या टोळांत पांढरटच राहणारा एक वाण मिळाला. त्याच्या रंगयंत्रणेत बिघाड नव्हता, फक्त हुकूम पोचत नव्हता. सामान्य टोळाच्या मेंदूचा अर्क टोचला की ही पिल्लं गडद होत. अर्कात नेमकं काय होतं ते १९९९ मध्ये कळलं, कोराझोनिन हे चिमुकलं प्रथिन. ते आधी १९८९ मध्ये झुरळात सापडलं होतं आणि हृदयाचे ठोके वाढवतं म्हणून हृदयासाठीच्या स्पॅनिश शब्दावरून त्याचं नाव ठेवलेलं. झुरळाच्या हृदयावरून नाव मिळालेला रेणू टोळाला काळं करतो.

हुकूम कशावर निघतो, हा पुढचा प्रश्न. पार्श्वभूमीशी जुळवून घेण्याच्या बाबतीत डोळे मोजतात ते निव्वळ 'उजेड किती' एवढंच नव्हे, तर वरून येणारा उजेड आणि खालच्या जमिनीवरून परतणारा उजेड यांची तुलना. ढगाळ दिवशी पांढरी रेती दुपारच्या काळ्या दगडापेक्षा कमी उजळ असू शकते, तरी रेती रेतीच राहते. गुणोत्तर बघितलं तर फसगत होत नाही. माझ्या फोनच्या कॅमेऱ्याला हे जमत नाही, हे १३ तारखेला सिद्ध झालंच आहे.

२४ जुलै

मातकटांच्या दोन काती पूर्ण. धाकट्याने दिलेले गुण : काळा तळ ४, ५, ४ (चौथं पिल्लू बरणी धुताना पळालं). पांढरा तळ १, २, २ आणि ४. तांबूस तळ ३, ३, २, ३.

सुरुवातीला सगळी ३ च्या आसपास होती. पहिल्या कातीनंतर फरक जाणवेल न जाणवेल असा, दुसरीनंतर कुणालाही दिसेल एवढा. बारा पिल्लांवरून छाती फुगवायची नाही, पण आता ब्रश फिरवला तरी रंग जात नाही.

तांबूस तळाच्या बाबतीत पट्टी अपुरी पडली. ती फक्त फिकं-गडद मोजते. त्यातल्या दोन पिल्लांवर स्पष्ट विटकरी झाक आहे आणि गुण मात्र मातीच्या रंगाइतकेच. ही पट्टी निवडली मीच.

आणि पांढऱ्या तळावरचा तो ४? बरणी क्रमांक ७. आधी वाटलं, ती बरणी फळीच्या टोकाला आहे, तिथे उजेड कमी. मग १८ तारखेची स्वतःचीच नोंद वाचली. उजेड कमी झाला तर वरचा आणि खालचा दोन्ही कमी होतो, गुणोत्तर तेच राहतं. हे कारण चालत नाही.

२५ जुलै

सातवर दिवसभर नजर ठेवली. तासातासाला बघितलं. दहापैकी आठ वेळा तो पांढऱ्या रेतीवर नव्हताच. पाण्याच्या कापसासाठी ठेवलेल्या बाटलीच्या काळ्या बुचावर बसला होता.

बाकीच्या बरण्यांतली बुचं पांढरी किंवा पारदर्शक आहेत. एकच काळं, आणि ते माझ्या हातून सातमध्ये गेलं. म्हणजे त्याचा परिसर मी ठरवलेला नव्हताच. बरणी माझी, पण जागा त्याने निवडली. आता तो बुचावर बसून काळा झाला, की काळपट होता म्हणून बुचावर बसायला लागला? ५ जूनच्या वहीतली एक आणि दोन नंबरची शक्यता एकाच बुचावर येऊन बसली आहे. शिवाय बुचात पाणी आहे, तो तहानेनेही बसत असेल.

३० जुलै

गवत्यांचा हिशेब. बारापैकी अकरा उरले. दमट डब्यांतल्या सहापैकी पाच हिरवे : तीन आधीपासूनचे, दोन काडीच्या रंगावरून बदललेले. कोरड्यातल्या पाचपैकी एकच हिरवा राहिला, दोन हिरवे काडीच्या रंगाचे झाले. कागदाच्या रंगाप्रमाणे मोजलं तर हिरव्या कागदात सहापैकी तीन हिरवे आणि काडीच्या रंगाच्या कागदात पाचपैकी तीन. माझ्या डब्यांत तरी गवत्याने कागदाकडे ढुंकून बघितलेलं दिसत नाही.

हा नियम म्हणून कुठे लिहायचा नाही. एकेकट्या वाढवलेल्या वाळवंटी टोळाच्या पिल्लांवर तानाका आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा तिथे दमटपणापेक्षा भोवतालच्या रंगाचं पारडं जड निघालं. आणि आल्प्सच्या उंच कुरणांतल्या गोम्फोसेरस या नाकतोड्यात हिरवा की तपकिरी हे जन्मतःच ठरलेलं असतं. गडद तळावर तो गडद होतो, पण तपकिरीचा हिरवा होत नाही. म्हणजे हिरवा-तपकिरी हा एक खटका आणि फिकट-गडद ही दुसरी, वेगळी मूठ. कुठली मूठ परिसराच्या हातात द्यायची आणि कुठली नाही, हे प्रत्येक जातीत वेगळं. सुरुवातीला दोन्ही प्रकार एकाच डब्यात कोंबून मी या दोन मुठींची सरासरी काढायला निघाले होते.

४ ऑगस्ट

एका बरणीत एकच पिल्लू का, ते लिहायचं राहिलं होतं. शेजारी हाही परिसरच असतो. टोळांच्या बाबतीत तर तो सगळ्यांत मोठा परिसर. एकटं वाढलेलं पिल्लू हिरवट किंवा मातकट, गर्दीत वाढलेलं पिवळं-काळं किंवा नारिंगी-काळं. रंगात, वागण्यात इतका फरक की स्थलांतरी टोळाची ही दोन रूपं वेगवेगळ्या जाती समजली जात. त्या एकच आहेत, हे उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये मांडलं. गर्दीची जाणीव रंगावरूनच व्हायला हवी असंही नाही. वाळवंटी टोळात मागच्या मांड्यांना वारंवार होणारा स्पर्श पुरतो, आणि काही तासांत त्याच्या अंगात सेरोटोनिन हे मज्जासंस्थेतलं रसायन वाढून तो एकलकोंडेपणा सोडतो. रंग त्यानंतर सावकाश येतो. गर्दीतला काळा-तपकिरी रंग कसा तयार होतो त्याचाही एक धागा २०१९ मध्ये हाती लागला. स्थलांतरी टोळात कॅरोटिन धरून ठेवणारं एक प्रथिन लाल रंग आणतं, आणि तो खालच्या हिरव्यावर चढला की पाठ काळपट-तपकिरी दिसते. हिरव्यावर लाल फिरवून बघा, रंगपेटीतही तेच होतं.

माझ्या पहिल्या डब्यांत सहा-सहा पिल्लं होती. ती चूक क्रमांक चार. (बाकीच्या तीन : ओल, भुकटी, आणि दोन जातींची खिचडी.)

९ ऑगस्ट

मॅडम बरण्या बघून गेल्या. कातींचा कागद त्यांना सगळ्यात आवडला. जाताना म्हणाल्या, "सातचं बूच बदल, आणि काही बोलू नकोस." कुणाशी बोलू नको, ते कळलं नाही. बहुतेक धाकट्याशी, गुण तोच देतो.

काळं बूच काढून पांढरं ठेवलं. पाणी तितकंच. शेवटची कात बाकी आहे.

१६ ऑगस्ट

निवडीची चाचणी. एका पसरट डब्याच्या तळाला अर्धा काळा पॉलिश पेपर, अर्धी चिकटवलेली पांढरी रेती. पाणी, गवत, काही नाही. एका वेळी एक मातकट, अर्धा तास, दर दोन मिनिटांनी नोंद. मधे डबा फिरवायचा, म्हणजे खिडकीची बाजू बदलते.

काळ्या तळावरच्या तिघांपैकी दोघे बहुतेक वेळ काळ्यावर. तिसरा भिंतीवर चढून बसला आणि अर्धा तास हलला नाही. पांढऱ्यावरच्या तिघा फिक्यांमध्ये काही ठरीव दिसलं नाही. सात क्रमांकाचा मात्र काळ्यावर, पंधरापैकी तेरा नोंदी. इथे पाणी नव्हतं, म्हणजे तहानेचं कारण गेलं.

स्पेनमध्ये एदेलार आणि सहकाऱ्यांनी फरशांवर राहणाऱ्या स्फिंगोनोटस नाकतोड्यांवर काम केलं आहे. ते रंगही बदलतात आणि रंगाला जुळणारी जागाही शोधतात. दोन्ही वाटा एकाच प्राण्यात असू शकतात. ५ जूनला मी त्या एकमेकींच्या विरुद्ध लिहिल्या होत्या, 'किंवा' घालून. ते 'किंवा' खोडलं नाही, शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

२३ ऑगस्ट

काळ्या तळावरच्या दोघांना शेवटच्या कातीनंतर पांढऱ्यावर हलवलं होतं. नऊ दिवसांनी एक ५ वरून ४, दुसरा ४ चा ४. पंख आल्यावर फार काही हलत नाही. बर्ट यांचे मोठे नाकतोडे जळलेल्या जमिनीवर काळे पडले होते. माझे उलट्या दिशेने, फिक्याकडे, नऊ दिवसांत एक पायरीच उतरले. तुलना सरळ होत नाही, जातही वेगळी आणि दिशाही.

२७ ऑगस्ट

सातची शेवटची कात. कवच कडक होईपर्यंत एक दिवस थांबून फोटो काढला, फोटोंची सरमिसळ करून धाकट्याकडे दिली. गुण ३. बूच बदलण्याआधी ४ होता.

कात चिकटवली. त्यावरचे ठिपके आधीच्या कातीइतकेच गडद आहेत. ही कात बूच बदलण्याआधी घडलेली होती, त्यामुळे तसंच असायला हवं. नव्या कवचावरचे ठिपके मात्र बारीक आहेत. ते मोजायला पट्टी नाही.

३१ ऑगस्ट

सगळे सोडले, जिथून धरले तिथेच. गवत्ये गवतात ठेवले तर दिसेनासे झाले, काडीच्या रंगाचा एक हिरव्या पात्यावर बसला आणि मीच त्याला उचलून वाळक्या बुंध्याशी नेऊन ठेवला. हे शास्त्रात बसत नाही.

मातकट उघड्या जमिनीवर. ५ जूनच्या जळलेल्या पट्ट्यावर आता गुडघाभर गवत आहे. सातची बरणी शेवटी आडवी केली. तो तोंडाशी येऊन थांबला, मिशा हलवल्या, आणि उडी मारून माझ्या चपलेच्या पट्ट्यावर बसला. चप्पल काळी आहे, एवढं नोंदवणं भाग आहे. एकदाच घडलं, म्हणून आकड्यांत धरलेलं नाही.